मुंबईच्या गव्हर्नराचें बिऱ्हाड

परळ येथील हाफकीन संस्थेची जुनी इमारत ज्यांनीं आंतून पाहिली असेल त्यांस एका गोष्टीचें नवल वाटल्यावांचून राहिलें नसेल. साथीच्या रोगांवर जेथें वर्षानुवर्षें संशोधन झालें, त्या इमारतीचें हाडपेर प्रयोगशाळेचें नाहीं. तिच्या पोटांत पोर्तुगीज अमदानींतील ख्रिस्ती पाद्र्यांचा मठ आहे. त्या मठांतील प्रार्थनामंदिराचें पुढें भोजनगृह व नाचघर झालें. आणि नाचघर ओस पडल्यावर तेथें प्लेगच्या जंतूंच्या बाटल्या मांडल्या गेल्या. एकाच छपराखालीं आधीं जप, मग नाच आणि शेवटीं सूक्ष्मदर्शक यंत्र, असा हा क्रम आहे. यांपैकीं मधला काळ मुंबईच्या गव्हर्नराच्या मुक्कामाचा.

मुंबईच्या गव्हर्नरांचे तह, लढाया, कायदे आणि कर यांविषयीं आपल्याकडे पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु हा गृहस्थ निजे कोठें, त्याचें दप्तर कोठें असे, त्याच्या पंगतीला कोण बसे आणि दाराशीं कोण तिष्ठत राही, इकडे आपल्या इतिहासकारांचें लक्ष क्वचितच गेलें. ही चौकशी पोरकट आहे असें कोणी म्हणेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. पावणेतीनशें वर्षांत या अधिकाऱ्याचें बिऱ्हाड अनेक वेळां हललें, आणि तें जसजसें हलत गेलें तसतसें एक चमत्कारिक व्यस्त प्रमाण नजरेस येतें. गव्हर्नराचा स्वतंत्र अधिकार जों जों आटत गेला, तों तों त्याचा बंगला वाढत गेला. कोठारांच्या शेजारच्या दोनचार खोल्यांत राहणारा गव्हर्नर आपल्या मतानें लढाई पुकारीत असे. शेंकडों एकरांच्या बागेंत राहणाऱ्या गव्हर्नरास मात्र लंडनहून तार आल्यावांचून हालचाल करवत नसे.

मुंबईचा पहिला सरकारी वाडा इंग्रजांनीं बांधलेला नाहीं. तो त्यांस आयता मिळाला. सोळाव्या शतकाच्या मध्यास हें बेट पोर्तुगीज सरकारनें गार्सिया द ओर्ता नांवाच्या वैद्यास खंडानें दिलें होतें. हिंदुस्थानांतील औषधी वनस्पतींवर त्यानें लिहिलेला ग्रंथ १५६३ सालीं गोव्यास छापला गेला. आपल्या मुंबईच्या बेटावर वर्षांतून दोन वेळां फळणारा आंबा आहे, असें त्यांत तो मोठ्या कौतुकानें सांगतो. बंदराच्या कांठीं त्याचा जो वाडा होता, तोच पुढें हातोहात होत इंग्रजांकडे आला. १६६१ च्या विवाहाच्या तहानें पोर्तुगालच्या राजकन्येबरोबर हें बेट दुसऱ्या चार्लस राजास आंदण मिळालें खरें. पण गोव्याचा व्हाइसराय तें सुखासुखीं सोडीना. ताबा घेण्यास आलेला सर अब्राहम शिपमन अंजदीव बेटावर वाट पाहतां पाहतां मेला, त्याचे बहुतेक शिपाईहि तेथेंच गेले, आणि उरल्यासुरल्या लोकांनिशीं हंफ्री कुक यानें १६६५ च्या फेब्रुवारींत ताबा घेतला. तो विधि याच वाड्यांत झाला. त्या वेळीं वाड्याची मालकी दोना इग्नेस द मिरांदा नांवाच्या विधवा बाईकडे होती. राजाला हें बेट डोईजड झालें. त्यानें १६६८ सालीं वार्षिक दहा पौंड खंडावर तें कंपनीच्या गळ्यांत बांधलें. वैद्याचा वाडा व्यापाऱ्यांच्या हातीं आला तो असा.

या वाड्याभोंवतीं कोट उभा राहिला आणि तोच मुंबईचा किल्ला झाला. त्याच्या आवारांत गव्हर्नर राहत असे, तेथेंच कौन्सिल बसे, तेथेंच तिजोरी, दारूगोळा आणि मालाचीं कोठारें. घर व कचेरी हा भेद तेव्हां अस्तित्वांत नव्हता. पदवी गव्हर्नराची असली तरी माणूस वखारीचा मुख्य. कौन्सिलांतील इतर व्यापाऱ्यांच्या मताधिक्यापुढें त्यास मान वांकवावी लागे. १६८७ पर्यंत कंपनीचें मुख्य ठाणें सुरतेसच होतें आणि सुरतेचा प्रेसिडेंट तोच मुंबईचा गव्हर्नर. तो मुंबईस आला म्हणजे वाड्यांत उतरे, नसला म्हणजे डेप्युटी कारभार पाही. पण या दुय्यम दिसणाऱ्या माणसाच्या हातीं काय नव्हतें? इंग्लंडास पाठविलेल्या पत्राचें उत्तर यावयास वर्ष-दीड वर्ष लागे. तोंवर तोच राजा. जेरॉल्ड आंजिअर यानें याच वाड्यांतून न्यायकचेऱ्या स्थापिल्या, बेटांतील जमीनदारांशीं करार केला, आणि १६७४ च्या जून महिन्यांत हेन्री ऑक्सिंडेन यास रायगडीं शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकास नजराणे घेऊन पाठविलें. महाराजांशीं झालेला तह लंडनला कळला तेव्हां शिळा झाला होता.

घर आणि राज्य एकत्र असण्यांत धोकाहि होता. १६८३ च्या डिसेंबरांत मुंबईच्या फौजेचा कप्तान रिचर्ड केग्विन यानें पगार व खर्चांतील काटकसरीला कंटाळून डेप्युटी गव्हर्नर वॉर्ड यास वाड्यांत कैद केलें व राजाच्या नांवानें द्वाही फिरविली. एक वाडा हातीं आला आणि सगळें बेट हातीं आलें! अकरा महिने त्यानें राज्य केलें; इतकेंच नव्हे, तर संभाजी महाराजांशीं तहहि जुळविला. कंपनीला न विचारतां बंडखोर कप्तानानें केलेला हा तह कंपनीच्या पगारी नोकरांनीं केलेल्या तहांपेक्षां वाईट नव्हता, हें सांगितलेंच पाहिजे. पुढें माफीचें वचन घेऊन १६८४ च्या नोव्हेंबरांत त्यानें किल्ला खालीं केला.

चार्लस बून हा १७१५ सालीं गव्हर्नर होऊन आला. गांवाभोंवतींच्या तटाचें काम त्यानें नेटानें चालविलें आणि आरमार वाढवून कान्होजी आंग्र्यांवर मोहिमा काढल्या. १७१८ सालची खांदेरीवरील त्याची स्वारी साफ फसली. याच किल्ल्यांत पुढें स्वतंत्र हिंदुस्थानच्या नौसेनेचें ठाणें झालें, आणि १९५१ सालीं त्या ठाण्यास नांव दिलें गेलें तें ‘आंग्रे’! बूनसाहेबांनीं ज्या तटाआड बसून आंग्र्यांच्या नांवानें बोटें मोडलीं, त्या तटावर आंग्र्यांचें नांव लागावें, ही गंमत मुद्दाम योजली असेल असें वाटत नाहीं. पण योजली असती तरी याहून चांगली साधली नसती.

अठराव्या शतकाच्या मध्यास किल्ल्यांतील जागा अपुरी पडूं लागली. १७५७ सालीं सरकारनें अपोलो रस्त्यावरील स्पेन्सर नांवाच्या अधिकाऱ्याचें घर विकत घेतलें. हेंच पुढें जुनें सेक्रेटेरिएट म्हणून ओळखलें गेलें. गव्हर्नर तटाच्या आंतच राहिला, पण कोठारांपासून दूर झाला. मिरीच्या पोत्यांचा वास त्याच्या दिवाणखान्यांत येईनासा झाला. खरी फारकत झाली ती विल्यम हॉर्नबीच्या वेळीं. अठराव्या शतकाच्या आरंभीं इंग्रजांनीं पाद्र्यांकडून काढून घेतलेला परळचा मठ कांहीं काळ गव्हर्नरांची हवा खाण्याची जागा होता; १७७१ पासून हॉर्नबी तेथेंच बिऱ्हाड करून राहिला. परळ तेव्हां शहरापासून दूर, आमराया आणि भातखाचरें यांच्या मध्यें. सकाळीं बग्गींत बसून किल्ल्यांत कामास जावयाचें आणि संध्याकाळीं परळास परत यावयाचें, हा साहेबी शिरस्ता तेथून पडला.

हा हॉर्नबी मराठी वाचकांस परका नाहीं. राघोबादादांची बाजू घेऊन १७७५ च्या मार्चमध्यें सुरतेचा तह करणारा आणि त्या पायीं १७७९ च्या जानेवारींत वडगांवीं इंग्रजांस नामुष्की पत्करावयास लावणारा गव्हर्नर तो हाच. परंतु येथें पाहण्यासारखें निराळेंच आहे. १७७३ च्या कायद्यानें मुंबईचा गव्हर्नर लढाई व तह यांच्या बाबतींत कलकत्त्याच्या गव्हर्नर जनरलाच्या हाताखालीं आला होता. कायदा होऊन दोन वर्षेंहि झालीं नव्हतीं तोंच हॉर्नबीनें तो धाब्यावर बसविला. कलकत्त्याहून कर्नल अप्टन पुरंदरास आला, त्यानें १७७६ सालीं निराळाच तह केला, आणि सुरतेचा तह कागदावर राहिला. मुंबईच्या गव्हर्नरास वरिष्ठ असा कोणी हिंदुस्थानांतच आहे, हें पुणें दरबारला प्रथम स्पष्ट दिसलें तें तेव्हां. नाना फडणिसांनीं त्याचा उपयोग करून घेतला. परळच्या नव्या घराच्या पहिल्याच धन्याच्या अधिकारास अशी कातर लागली.

पेशवाई बुडाल्यावर गव्हर्नराच्या बिऱ्हाडाला वारा लागला. मुंबई हें बंदर न राहतां इलाख्याची राजधानी झालें, आणि एका घरानें भागेनासें झालें. पुण्यास संगमावर इंग्रजांची रेसिडेन्सी होती. ता. ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं पेशव्यांच्या फौजेनें ती जाळली. एल्फिन्स्टनचा ग्रंथसंग्रह तींत भस्म झाला आणि तो स्वतः मुळा ओलांडून खडकीच्या बाजूस गेला. पेशव्यांचें घोडदळ गणेशखिंडीच्या बाजूनें पुढें लोटलें; बापू गोखले त्याचे सेनापति होते, मोर दीक्षित मराठे त्या दिवशीं पडले, आणि बाजीरावसाहेब पर्वतीवरून पाहत होते. दापोडीस पेशव्यांच्या पदरची कवायती पलटण घेऊन कॅप्टन फोर्ड राहत असे. पेशव्यांच्या पगारावर त्यानें तेथें ऐसपैस बंगला बांधला होता. लढाईच्या दिवशीं तो आपली पलटण घेऊन एल्फिन्स्टनला मिळाला. याउपर त्याच्या बंगल्याचें काय झालें? सर जॉन माल्कमनें १८२८ सालीं तो गव्हर्नराच्या पावसाळी मुक्कामासाठीं घेतला.

माल्कम हा मोठा उद्योगी आणि मोठा हौशी माणूस. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशीं बोलणें करून त्यानें १८२९ सालीं महाबळेश्वरची जागा मिळविली आणि तेथें माल्कमपेठ वसविली. तेव्हांपासून गव्हर्नराची वार्षिक वारी ठरली: हिवाळा मुंबईस, उन्हाळा महाबळेश्वरीं, पावसाळा पुण्यास. त्याच्यामागून सेक्रेटरी, कारकून, शिपाई, स्वयंपाकी, बँडवाले आणि दप्तराच्या पेट्या. अर्ज घेऊन निघालेल्या रयतेनें आपला अर्ज कोणत्या डोंगरावर न्यावा हें तिला पंचांग पाहून ठरवावें लागे. एकट्या दापोडीविषयीं मात्र चार शब्द चांगले लिहावयास हरकत नाहीं. तेथील बागेंत सरकारनें वनस्पतींचा संग्रह केला, डॉ. अलेक्झांडर गिब्सन हा तिचा अधिकारी असतांना एका देशी ख्रिस्ती चित्रकारानें तेथील झाडांचीं सुरेख चित्रें काढलीं, तीं एडिंबरोच्या वनस्पतिउद्यानांत जपून ठेवलेलीं आहेत. डॉक्टरसाहेबांचें नांव राहिलें. चित्रकाराचें राहिलें नाहीं.

याच माल्कमच्या कारकीर्दींत गव्हर्नर मोठा कीं राजाचें न्यायालय मोठें, असा तंटा पेटला. पुण्याच्या मोरो रघुनाथ नांवाच्या मुलास त्याच्या पालकानें अडकवून ठेविलें आहे, अशी तक्रार मुंबईच्या सुप्रीम कोर्टापुढें आली. कोर्टानें त्यास हजर करण्याचा हुकूम काढला. पुण्यांत या कोर्टाचा हुकूम चालत नाहीं, असें माल्कमनें ठणकावून सांगितलें. न्यायाधीश सर जॉन पीटर ग्रँट यानें १८२९ सालीं रागानें कोर्टच बंद केलें! विलायतेंत निकाल गव्हर्नराच्या बाजूनें लागला. मुंबईच्या गव्हर्नरानें कोणाशीं उघड भांडून जिंकल्याचें हें आमच्या मतें शेवटचें ठळक उदाहरण होय. आणि तेंहि विलायतेनें जिंकून दिलें तेव्हां.

आतां गणेशखिंडीकडे वळूं. कारण या सर्व हकीकतीचा गाभा तेथें आहे. सर बार्टल फ्रिअर १८६२ सालीं गव्हर्नर झाला. अमेरिकेंतील यादवीमुळें तिकडचा कापूस बंद होऊन मुंबईंत पैशाचा नुसता पूर आला होता. फ्रिअरनें मुंबईचे जुने तट पाडविले. ज्या तटाआड बूनचा जीव सुरक्षित होता तो आतां गव्हर्नरास अडचण वाटूं लागला. आणि १८६४ सालीं त्यानें खडकीच्या रणभूमीलगत, गणेशखिंडींत, नव्या पावसाळी वाड्याचें काम सुरू केलें. नकाशा जेम्स ट्रबशॉ याचा. काळ्या दगडाची लांबच लांब इमारत, निशाणाचा उंच मनोरा, सभोंवार विस्तीर्ण बाग. १८६५ सालीं अमेरिकेंतील लढाई संपली, कापसाचे भाव कोसळले, मुंबईंतील मोठमोठीं दुकानें बसलीं आणि पुढें बाँबे बँकहि बुडाली. पण वाडा चढतच होता. तो १८७१ सालीं पुरा झाला तेव्हां फ्रिअर विलायतेस जाऊन चार वर्षें झालीं होतीं आणि खर्च सुमारें पावणेदोन लक्ष पौंडांवर, म्हणजे त्या वेळच्या दरानें साडेसतरा लक्ष रुपयांवर गेला होता. विलायतेच्या पार्लमेंटांतहि या उधळपट्टीविषयीं बोललें गेलें.

याच सुमारास, १८६५ सालीं, इराणी आखातांतून टाकलेल्या तारेनें हिंदुस्थान इंग्लंडशीं जोडलें गेलें. १८६९ सालीं सुवेझचा कालवा खुला झाला. आंजिअरला जें उत्तर वर्षानें मिळे तें आतां दिवसांत मिळूं लागलें. गव्हर्नर कौन्सिल बोलावण्यापूर्वींच विलायतेचें मत येऊन पडूं लागलें. १८७४ सालीं मुंबईंत मैदानासमोर सेक्रेटेरिएटची नवी इमारत झाली व अपोलो रस्त्यावरील दप्तर तिकडे गेलें. राज्य कागदांत गेलें, कागद सेक्रेटरींच्या कपाटांत गेले, आणि गव्हर्नरापाशीं उरलें तें मुख्यत्वेंकरून सहीचें काम आणि दरबारचें. दरबारासाठीं मोठा दिवाणखाना पाहिजे. तो गणेशखिंडींत होता. मुंबईच्या गव्हर्नराची नेमणूक थेट विलायतेहून होई व भारतमंत्र्याशीं सरळ पत्रव्यवहार करण्याचा त्याचा मान शेवटपर्यंत राहिला, हें आम्ही विसरलों नाहीं. परंतु मान आणि मुखत्यारी या दोन वस्तु आहेत.

वाड्याला पांच वर्षें होतात तोंच १८७६-७७ चा दुष्काळ आला. दुष्काळी कामांवरील माणसास दिवसाला एक पौंड धान्य व वर एक आणा पुरे आहे, असें ठरविणारा सर रिचर्ड टेंपल तो हाच, जो १८७७ सालीं मुंबईचा गव्हर्नर होऊन गणेशखिंडींत राहावयास आला. हें मान अपुरें आहे म्हणून मजुरांनीं कामें सोडलीं. सार्वजनिक सभेनें आंकडे देऊन अर्जांवर अर्ज केले. १८७९ सालीं वासुदेव बळवंत फडके यांनीं गव्हर्नराच्या मस्तकावर इनाम लावलें तें याच टेंपलच्या. आम्ही इमारतींवर राग धरणारे नव्हों. दगडांचा काय अपराध? परंतु एक पौंड धान्य आणि पावणेदोन लक्ष पौंड नाणें हे दोन आंकडे एकाच इलाख्याच्या हिशेबवहींत इतके जवळ येतात, कीं वाचणाऱ्याचें बोट तेथें अडतें.

इकडे परळचें काय झालें तें पाहूं. आमराया गेल्या, गिरण्यांच्या चिमण्या आल्या, खाजणांची दुर्गंधि वाढली. १८७५ च्या नोव्हेंबरांत युवराज एडवर्ड परळास उतरले होते तोंवर घराची शान कायम होती. १८८२ च्या जानेवारींत गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांची पत्नी तेथें पटकीनें वारली. परळांतील चाळकऱ्यांस पटकी नवी नव्हती. ती गव्हर्नराच्या शयनगृहापर्यंत पोंचली तेव्हां मात्र ती जागा आरोग्याला वाईट ठरली. तीन वर्षांच्या आंत गव्हर्नराचें बिऱ्हाड परळाहून उठलें तें मलबार टेंकडीच्या टोंकास, समुद्रांत शिरलेल्या खडकावर गेलें. तेथें एल्फिन्स्टनच्या वेळेपासूनच गव्हर्नरांचा लहानसा बंगला होता. चाळकरी तेथेंच राहिले.

१८९६ च्या सप्टेंबरांत मांडवींत डॉ. व्हिएगास यांनीं प्लेगचा रोगी ओळखला. डॉ. हाफकीन यांनीं लस तयार करून ता. १० जानेवारी १८९७ रोजीं प्रथम स्वतःलाच टोंचून घेतली. त्यांस जागा पाहिजे होती; परळचा रिकामा वाडा होता. ता. १० ऑगस्ट १८९९ रोजीं गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनीं तेथें प्लेग संशोधनाची प्रयोगशाळा उघडली. १९२५ सालीं तिला हाफकीन यांचें नांव मिळालें. पटकीला भिऊन सोडलेलें घर प्लेगशीं लढणाऱ्यांस द्यावें, हा न्याय काव्यांत शोभला असता. येथें तो केवळ सोयीनें झाला.

त्याच सँडहर्स्टच्या कारकीर्दींत गणेशखिंडीनें दुसरें दृश्य पाहिलें. १८९७ च्या आरंभीं पुण्यांत प्लेग भडकला. सरकारनें कमिटी नेमून रँड यास तिचा मुख्य केलें. गोरे शिपाई घरांत शिरले, माजघरापर्यंत गेले, देवघरापर्यंत गेले. सामान रस्त्यावर आलें, माणसें छावणींत गेलीं. त्या दिवसांचा संताप पुण्यांतील जुन्या घरांत पिढ्यानुपिढ्या सांगितला गेला आहे. आणि प्लेगची धग पुरती गेली नाहीं तोंच ता. २२ जून रोजीं राणीच्या राज्यारोहणास साठ वर्षें झालीं म्हणून गणेशखिंडीच्या वाड्यांत रोषणाई व मेजवानी झाली. टेंकड्यांवर होळ्या पेटविल्या होत्या. मध्यरात्रीच्या सुमारास पाहुण्यांच्या गाड्या परतूं लागल्या. गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधु उभे होते. दामोदरपंतांनीं रँडवर गोळी झाडली, बाळकृष्णपंतांनीं मागच्या गाडींतील लेफ्टनंट आयर्स्टवर. आयर्स्ट जागींच मेला. रँड ३ जुलैस मेला. दामोदरपंत १८ एप्रिल १८९८ रोजीं येरवड्यास फांसावर गेले; दोघे भाऊ आणि महादेव रानडे पुढल्या वर्षीं गेले. टिळकांना राजद्रोहाबद्दल दीड वर्षाची शिक्षा झाली ती याच धुमाळींत.

या कृत्याच्या योग्यायोग्यतेवर लिहिणारे पुष्कळ झाले. आमचें लक्ष रस्त्याकडे जातें. शहर व वाडा यांच्यामध्यें तो लांब, सुना, झाडींचा रस्ता नसता तर हें असें घडतें ना. लोकांपासून दूर राहिल्यानें निर्भय राहतां येतें ही समजूत फ्रिअरच्या नकाशांत होती. ती त्या रात्रीं खोटी ठरली. ज्या प्लेगच्या धामधुमींत हें झालें त्याच प्लेगनें, मेजवानीच्या तीन महिने आधीं, १० मार्च रोजीं पुण्यांत सावित्रीबाई फुले यांचा अंत झाला होता. रोग्यांची शुश्रूषा करतांना त्यांना रोग जडला. त्या रात्रीं वाड्यांत जमलेल्या पाहुण्यांपैकीं किती जणांस हें नांव ठाऊक होतें कोण जाणे! १९४९ सालीं गणेशखिंडीच्या वाड्यांत पुणें विद्यापीठ आलें, आणि २०१४ सालीं त्या विद्यापीठास सावित्रीबाईंचें नांव देण्यांत आलें.

मलबार टोंकावरील मुक्कामाची हकीकत त्या मानानें शांत आहे. अधिकाराची ओहोटी मात्र तेथें स्पष्ट दिसते. १८६२ सालीं जगन्नाथ शंकरशेट यांना कायदे कौन्सिलांत घेतलें तेव्हां एतद्देशीय सभासद हे गव्हर्नराच्या बैठकीची शोभा होते. १९०१ सालीं जमीनमहसुलाच्या बिलावर फिरोजशहा मेहता, गोखले प्रभृति सभासद सभा सोडून उठले, आणि शोभेच्या वस्तु चालत बाहेर जातात असें नॉर्थकोटसाहेबांस दिसलें. १९३१ च्या जुलैंत हंगामी गव्हर्नर हॉटसन फर्ग्युसन कॉलेज पाहावयास गेला असतां वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्यानें त्याच्यावर गोळ्या झाडल्या; साहेब वांचला. १९३७ सालीं बाळासाहेब खेर यांचें मंत्रिमंडळ आलें. १९३९ सालीं तें राजीनामा देऊन गेलें आणि सर रॉजर लम्ली यानें ९३ व्या कलमानें सारा कारभार हातीं घेतला. म्हणजे गव्हर्नराच्या मुखत्यारीचा शेवटचा भडका उडाला तोहि दिल्ली व लंडनच्या संमतीनें. १९३५ च्या कायद्यांत या अधिकाऱ्याचा पगार सालीना १,२०,००० रुपये होता. १९५० च्या घटनेंत राज्यपालाचा पगार दरमहा ५,५०० रुपये ठरला. राजा महाराजसिंग हे १९४८ सालीं मुंबईचे पहिले हिंदी गव्हर्नर झाले, आणि ‘गव्हर्मेंट हौस’ ही पाटी जाऊन राजभवन हें नांव आलें. कचेरी आधींच निराळी झाली होती. १९५५ सालीं सचिवालयाची नवी इमारत झाली, आणि १९७५ सालीं सचिवालयाचें मंत्रालय झालें, तेव्हां खुर्ची कोणाची हेंहि नांवांतच उमटलें.

२०१६ सालीं या टोंकाखालीं एक बुजलेलें भुयार सांपडलें. भिंत फोडून पाहतात तों आंत तेरा खोल्या, दारूगोळा ठेवण्याच्या जागा आणि समुद्राकडे रोखलेल्या तोफांच्या खालीं जाण्याची वाट! तेथें २०१९ सालीं संग्रहालय उघडण्यांत आलें. वर बाग, मेजवान्या, दिव्यांचे झुंबर आणि पायाखालीं दारूची कोठी. आंजिअरच्या वाड्यांतील दारूगोळा गव्हर्नराच्या बिऱ्हाडाबरोबर सबंध प्रवास करीत आला होता असेंच म्हणावयाचें. फक्त तो दिसेनासा झाला होता.

टोंकाच्या खडकांत एक भेग आहे, तिला श्रीगुंडी म्हणतात. तींतून पार निघालेला माणूस पापमुक्त होतो अशी समजूत. शिवाजी महाराज व कान्होजी आंग्रे तींतून निघाले होते असें सांगतात. राघोबादादा मुंबईस आश्रयाला असतांना त्यांनींहि तो विधि केला असें म्हणतात, आणि त्यांना त्याची गरज होती याविषयीं पुण्यांत दुमत नव्हतें. गव्हर्नरांचा बंगला झाल्यावर ती जागा कुंपणाच्या आंत गेली. श्रीगुंडी देवीचें स्थान आवारांत अद्याप आहे. तिच्याखालीं खडकावर लाटा आपटतात, आणि भरतीच्या वेळीं तो आवाज वर बंगल्याच्या सज्जांत ऐकूं येतो.